‘माफी’ कोणत्या गुन्ह्याची?

१२ ऑगस्ट १९४१ रोजी मॉस्कोत सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाने एक फर्मान काढलं. सोव्हिएत हद्दीत युद्धकैदी म्हणून धरलेल्या, तुरुंगात टाकलेल्या किंवा सक्तीने वसवलेल्या पोलिश नागरिकांना त्यात माफी दिली होती. मजकूर अगदी थोडा आहे. पण कोल्हापूरच्या शाळेत दुसऱ्या महायुद्धावर तास घ्यायचा असेल, तर मी तो या कागदापासून सुरू करेन. त्या फर्मानानंतर बावीस महिन्यांनी, जून १९४३ मध्ये, ही माफी मिळालेल्या बायका-मुलांची पहिली तुकडी कोल्हापूर संस्थानात वळिवड्याच्या निर्वासित छावणीत पोचली. फळ्यावर एकच शब्द लिहायचा, ‘माफी’. आणि वर्गाला विचारायचं, गुन्हा काय होता?

आजीचा गुन्हा काय, कडेवरच्या पोराचा काय? मुलं कागद उलटून पाहतील. उत्तर त्यात नाही. ज्याने अन्याय केला त्यानेच माफी दिली, आणि तिची नोंद सरकारी दप्तरात उदारपणा म्हणून झाली. नववीतल्या मुलाला हे कळतं, सहावीतल्यालाही कळतं. समजावून सांगावं लागत नाही.

आपण कोल्हापुरात ही हकिगत दुसऱ्या टोकाने सांगतो. महावीर उद्यानात १९९८ साली उभारलेला स्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेले काही वृद्ध पाहुणे पोलंडच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांसह वळिवड्याला आले, तेव्हा तिथेही स्मारकाचा समारंभ झाला. वॉर्सात २०१७ पासून कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. हे सगळं कृतज्ञतेचं आहे आणि ती कृतज्ञता मनापासूनची आहे. पण आभाराच्या दगडावर यजमानाचं नाव असतं; पाहुण्याला घराबाहेर कोणी काढलं ते नसतं. वर्गात शिकवताना आपण त्या दगडावरचं तेवढंच वाचून दाखवतो, आणि मुलांच्या हाती उरतं ते एवढंच की आम्ही किती चांगले होतो. यातून मुलं युद्धातला अन्याय ओळखायला शिकत नाहीत.

म्हणून आधी कागद जुळवू.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी अनाक्रमणाचा करार केला. त्याच्या गुप्त पुरवणीत पूर्व युरोपची वाटणी होती. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. पहिली तारीख आपल्या मुलांना पाठ असते. वळिवड्याची गोष्ट मात्र दुसऱ्या तारखेपासून सुरू होते. पूर्व पोलंड ताब्यात आल्यावर सोव्हिएत गुप्त पोलिसांनी चार मोठ्या खेपांत माणसं उचलली : १० फेब्रुवारी १९४०, १३ एप्रिल १९४०, जून १९४० चा शेवट, आणि मे-जून १९४१. पहाटे दार ठोठावायचं, यादीतली नावं वाचायची, सामान बांधायला जेमतेम वेळ द्यायचा आणि मालगाडीच्या डब्यात भरायचं. डबे अर्खांगेल्स्कच्या जंगलात, सायबेरियात, कझाकस्तानच्या गवताळ माळावर रिकामे व्हायचे.

किती माणसं? इथे वर्गासमोर दोन आकडे ठेवावे लागतात. परदेशात राहिलेल्या पोलिश समाजाने युद्धकाळापासून जो अंदाज धरला, तो दहा लाखांच्या पुढचा होता. १९९० नंतर सोव्हिएत दप्तरं उघडली. त्यातल्या गुप्त पोलिसांच्या नोंदींवरून या चार खेपांची बेरीज सव्वातीन लाखांच्या आसपास येते. शिक्षकाला इथे मोह होतो, एक आकडा खरा ठरवून पुढे जाण्याचा. तसं करू नये. पहिला आकडा ज्यांनी धरला त्यांच्याकडे याद्या नव्हत्या, रिकामी घरं आणि हरवलेले नातेवाईक होते. त्यात तुरुंगात टाकलेले, लाल सैन्यात भरती केलेले असे लोकही मिसळले होते. दुसरा आकडा ज्यांच्या वह्यांत आहे, त्यांनीच ही माणसं उचलली होती. मुलांनी दोन्हींकडे पाहून विचारावं : हे कोणी मोजलं, कधी मोजलं, कशाला मोजलं? माझं मत विचाराल, तर वह्यांचा आकडा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ आहे. पण सव्वातीन लाख म्हणजे ‘फक्त’ सव्वातीन लाख, हा शब्द वर्गात उमटू देऊ नये.

पहिल्या यादीत कोण होतं, हे सांगायला बरेच जण कचरतात. फेब्रुवारी १९४० च्या यादीत मुख्यतः दोन प्रकारची माणसं होती, वनखात्याचे नोकर आणि लष्करी वसाहतदार. १९२० च्या युद्धात लढलेल्या सैनिकांना पोलंड सरकारने पूर्व सरहद्दीवर जमिनी दिल्या होत्या. त्या मुलखात युक्रेनी आणि बेलारुशियन शेतकरी राहत होते आणि त्यांना जमीन कमी पडत होती. आपल्या गावातली जमीन बाहेरून आलेल्याला मिळाली, ही सल त्यांच्या मनात होती. पुढे १९४३ मध्ये व्होल्हिनियात युक्रेनी राष्ट्रवादी टोळ्यांनी पोलिश गावांवर भयानक कत्तली केल्या. तेव्हा वळिवड्याच्या पाठात बळी गेलेला माणूस धुतल्या तांदळासारखा दाखवायची गरज नाही. वसाहतदाराच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोराला बर्फात नेऊन टाकणं हा अन्याय आहे. तो ठरवायला त्याच्या बापाची जमीन कुठून आली हे आधी तपासावं लागत नाही. आणि बापाच्या जमिनीचा प्रश्न खोटाही ठरत नाही. धरणाखाली गेलेल्या चांदोलीच्या गावांतली माणसं आपल्या जिल्ह्यात कुठे वसली आणि त्या वेळी गावागावांत काय बोललं गेलं, हे शिरोळ-हातकणंगल्याच्या मुलांनी घरी ऐकलेलं असतं. बाहेरून आलेला आणि आधीपासूनचा, दोघांचंही दुखणं एकाच वेळी खरं असू शकतं, हे त्यांना नवं नाही.

जून १९४० च्या यादीत बहुसंख्य ज्यू होते. जर्मन ताब्यातल्या पोलंडमधून पळून ते पूर्वेला आले होते. सोव्हिएत पासपोर्ट घ्यायला नाही म्हणाले म्हणून त्यांना उत्तरेकडे हाकललं. मागे राहिलेले त्यांचे नातेवाईक पुढच्या दोन-तीन वर्षांत नाझींच्या हातून मेले. ज्या अन्यायाने त्यांना सायबेरियात फेकलं त्यानेच त्यांतल्या पुष्कळांचे प्राण वाचले. यावर वर्गात भाष्य करायची घाई नको. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून थांबावं. यातलीच काही शे ज्यू मुलं, बरीचशी अनाथ, इराणात पोचली आणि जानेवारी १९४३ मध्ये जहाजाने कराचीला आली. इराकने वाट नाकारली होती, म्हणून कराची, मग सुएझ, मग पॅलेस्टाईन. त्यांना ‘तेहरानची मुलं’ म्हणतात. कराची हे नाव मुलांनी नकाशावर खूण करून ठेवावं. ते पुन्हा येणार आहे.

आता एप्रिल १९४० ची यादी. ही बहुतेक स्त्रियांची आणि मुलांची होती : अटकेत असलेल्या किंवा युद्धकैदी झालेल्या अधिकाऱ्यांची, पोलिसांची, शिक्षकांची कुटुंबं. ५ मार्च १९४० रोजी सोव्हिएत नेतृत्वाने या कैद्यांना गोळ्या घालण्याचा निर्णय केला. त्या वसंतात सुमारे २२ हजार माणसं मारली गेली, आणि त्याच आठवड्यांत त्यांच्या बायका-मुलांना कझाकस्तानला पाठवलं गेलं. बायकांना नवरे मेल्याचं कोणी कळवलं नाही. १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मनीने कातीनच्या जंगलात सामूहिक कबरी सापडल्याचं जाहीर केलं. सोव्हिएत सरकारने आरोप उलट जर्मनीवर ढकलला आणि बारा दिवसांनी लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारशी संबंध तोडले. इंग्रज आणि अमेरिकन दोस्तांना युद्धात सोव्हिएत फौजांची गरज होती. त्यांनी हा विषय वाढवला नाही.

वळिवड्याला पहिली तुकडी आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. या दोन तारखा मी शेजारी ठेवल्या तेव्हा छावणीचं चित्रच माझ्यापुरतं बदललं. वळिवड्याच्या कौलारू बराकींत राहणाऱ्या बायकांपैकी काही जणींनी कातीनची बातमी नुकतीच ऐकली होती, आणि ज्या सरकारच्या आसऱ्याला त्या होत्या त्याला ती फार बोललेली नको होती. छावणीतल्या बालवीर पथकांचं काम पुढे झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की या तरुण अधिकाऱ्याने केलं. तो कोझेल्स्कच्या कैद्यांपैकी, म्हणजे ज्यांना कातीनमध्ये मारलं त्यांचा सोबती. मोजक्या वाचलेल्यांत तो होता. नंतर धर्मगुरू होऊन त्याने उरलेलं आयुष्य कातीनच्या कुटुंबांसाठी घालवलं. सोव्हिएत सरकारने गुन्हा कबूल केला तो १३ एप्रिल १९९० रोजी. बरोबर पन्नास वर्षं झाली होती त्या बायकांना मालगाडीत घातल्याला.

वळिवड्यापर्यंतची वाट थोडक्यात सांगतो. जून १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत संघावर उलटला; ३० जुलैला लंडनमध्ये पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात सिकोर्स्की-माइस्की करार झाला, पाठोपाठ ती माफी आली. जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभं राहू लागलं आणि माणसं मिळेल त्या वाटेने दक्षिणेकडे निघाली. १९४२ मध्ये दोन टप्प्यांत, कॅस्पियन समुद्रातून, सुमारे १ लाख १५ हजार जण इराणच्या पहलवी बंदरावर उतरले. त्यात पस्तीस हजारांहून अधिक नागरिक होते. टायफस आणि उपासमार यांनी कित्येक जण किनाऱ्याला लागूनही गेले. सैनिक पुढे इराक, पॅलेस्टाईन आणि इटलीला गेले. मे १९४४ मध्ये माँते कासिनोचा मठ पोलिश दुसऱ्या कोअरने जिंकला, त्याच डोंगरावर आधी भारतीय डिव्हिजनने रक्त सांडलं होतं. कुटुंबांना सोय होईल तिथे पाठवलं गेलं : पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, आणि भारत. भारतात येणारी बहुतेक कराचीच्या संक्रमण छावणीतून आली.

इथे यजमानाविषयी कागद काय म्हणतात ते पाहावं लागतं. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. त्यात त्यांचा पुढाकार स्पष्ट आहे आणि खर्चासाठी संस्थानिकांनी वर्गणी काढली. वळिवड्याची गोष्ट वेगळी आहे. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये निवर्तले. १९४३ मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल होतं आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सीकडे. छावणी कोल्हापूरच्या भूमीवर, पंचगंगेच्या अंगाला, कोल्हापूर-मिरज रेल्वेलगत उभी राहिली. पण ती भारत सरकार आणि लंडनमधलं पोलिश सरकार यांच्या ठरावातून, आणि खर्च पोलिश सरकारच्या नावावर. कोल्हापूरच्या महाराजांनी जामसाहेबांसारखं स्वतः बोलावून आसरा दिला, असं भाषणांत म्हटलं जातं. या कागदांवरून ते म्हणता येत नाही. यात कोल्हापूरचं काही कमी होत नाही. दुधवाले, भाजीवाले, शिंपी, रेल्वेचे हमाल, शेजारच्या गावचे शेतकरी यांचा पाच हजार परक्या माणसांशी पाच वर्षं रोजचा व्यवहार चालला. कोल्हापूरचा मोठेपणा मला तिथे दिसतो, आणि शिकवण्यासारखा तोच आहे.

या पाच हजारांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. संत आंजेय बोबोलाच्या नावाचं चर्च होतं, नाटकं होत, बालवीर-वीरबालांची पथकं होती. सगळ्यांत मोठा उद्योग शाळेचा : प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, शिक्षक घडवणारं विद्यालय. दोन-तीन वर्षं ज्यांनी पाटीला हात लावला नव्हता, अशी मुलं त्यांत बसली. कोणाचं पोलिश लिहिणं मोडलेलं, कोणाला रशियन जास्त येत होतं, कोणी वयाने मोठं पण इयत्तेने लहान. शिक्षिकांपैकी अनेक जणी तीच वाट तुडवून आल्या होत्या. वेगवेगळ्या तऱ्हेच्या मुलांना एका वर्गात कसं शिकवायचं, हा प्रश्न आज आपण नव्याने विचारतो. वळिवड्याच्या बराकींत तो रोज सकाळी समोर उभा असायचा. ज्या संस्थानात हे घडलं तिथे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एका बाकावर बसवण्याचा हुकूम काढला होता. याही कागदाची प्रत तासाला हाती असावी.

आणि वळिवडं शिकवताना १९४३ साल पूर्ण शिकवावं. छावणी भरत होती त्याच महिन्यांत बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. त्या दुष्काळात तीसेक लाख जीव गेले असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्याच इंग्रज सरकारने पोलिश मुलांना आसरा देण्याची व्यवस्था केली आणि बंगालला वेळेवर धान्य पोचवलं नाही. छावणीच्या आधी सहा महिने, १३ डिसेंबर १९४२ रोजी, गारगोटीच्या कचेरीवरच्या हल्ल्यात सात क्रांतिकारक धारातीर्थी पडले. कोल्हापूरच्या उत्तरेला, साताऱ्यात आणि पुरंदर किल्ल्यावर, त्याच सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना ‘शत्रुदेशीय’ म्हणून स्थानबद्ध केलं होतं. हिटलरच्या छळातून पळून भारतात आलेले ज्यूही त्यांत होते. ज्या मुलाच्या घरात गारगोटीच्या हुतात्म्यांचं नाव घेतलं जातं, त्याला वळिवड्याचा इंग्रज सरकारी अधिकारी दयाळू म्हणून दाखवला तर तो गप्प बसेल, पण पटवून घेणार नाही. त्याचं गप्प बसणं बरोबर आहे. त्याला बोलायला जागा पाहिजे.

आता पुन्हा कराची. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत संघात गेली. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा भार पुढे आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांवर आला. ज्यांच्यासाठी नवरे-मुलगे माँते कासिनोला लढले, त्यांना परत जायला घर उरलं नव्हतं. कोणी ब्रिटनला, कोणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, थोडे पोलंडला गेले आणि १९४८ मध्ये छावणी मोकळी झाली. त्याच जागेत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली. कित्येक जण कराची बंदरातूनच निघाले होते. पाच वर्षांच्या अंतराने दोन समाज एकाच बंदरातून एकाच माळावर आले आणि दोघांनाही लोक एकाच शब्दाने ओळखत, ‘निर्वासित’. त्या वस्तीचं नाव गांधीनगर झालं आणि आज तिची कापडाची घाऊक बाजारपेठ साऱ्या महाराष्ट्रात ठाऊक आहे.

गांधीनगरच्या शाळेत बसलेल्या सिंधी मुलीला हा पाठ कसा शिकवाल? ‘आम्ही कोल्हापूरकरांनी पोलिश लोकांना आसरा दिला’ या वाक्यातल्या ‘आम्ही’त ती आहे का, की आसरा घेणाऱ्यांत? तिच्या पणजोबांना ‘रेफ्युजी’ म्हणून हिणवलं गेलं असेल, तर तो शब्द तिला पुस्तकातला वाटणार नाही. मला वाटतं, तिला उभं करून ‘तुझ्या घरचं सांग’ म्हणू नये. कोणाही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करून उभं करू नये. ती शिक्षाच असते. त्याऐवजी सगळ्या वर्गाने घरून एक कागद आणावा : रेशनकार्ड, सातबारा, पुनर्वसनाची नोटीस, जुना शाळेचा दाखला, पूरग्रस्त यादीतलं नाव, काहीही. त्यात सरकारने आपल्या माणसासाठी कोणता शब्द वापरला आहे तो शोधावा. विस्थापित, प्रकल्पग्रस्त, निर्वासित, लाभार्थी. मग पुन्हा फळ्यावरच्या ‘माफी’कडे यावं.

एक गोष्ट टाळावी असं मला आग्रहाने सांगायचं आहे. अशा पाठात मुलांना खेळ देण्याची पद्धत आहे : अर्ध्या तासात घर सोडायचं आहे, पिशवीत काय भराल? हेतू चांगला असतो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिखली, आंबेवाडी, शिरोळ भागातल्या मुलांनी रात्री पंचगंगेचं पाणी उंबऱ्याला लागलेलं पाहिलं आहे. त्यांनी खरोखर पिशवी भरली होती. गुरं दावणीला सोडून बोटीत बसावं लागलं होतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलाने हसत हसत खेळणी आणि मोबाइल भरण्याचा खेळ खेळावा, हे बरं नाही. अनुभव उसना घ्यायला लावण्यापेक्षा ज्यांनी तो घेतला त्यांचं लिहिलेलं समोर ठेवावं.

असं लिहिलेलं आहे. इराण आणि मध्यपूर्वेतल्या पोलिश शाळांत १९४२-४३ च्या सुमारास शिक्षकांनी मुलांकडून हद्दपारीवर निबंध लिहून घेतले. आंदेर्सच्या सैन्याने गोळा केलेल्या हजारो जबान्यांसोबत ते आज अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेत आहेत. त्यांतले निवडक इरेना ग्रुजिन्स्का-ग्रोस आणि यान ग्रोस यांनी १९८१ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. वळिवड्याच्या मुलांनी मोठेपणी लंडनमध्ये मंडळ काढून भारतातल्या वर्षांचा ग्रंथ २००० साली छापला, कागदपत्रं आणि आठवणी दोन्ही घेऊन. त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. मुलांनी मुलांसाठी ठेवलेली ही साधनं आहेत. त्यांतली पाच-सहा पानं मराठीत आणि सिंधीत आणणं आपल्या शिक्षकांना अवघड नाही. अडखळत वाचणाऱ्याला ती ऐकवावीत. दृष्टी नसलेल्या मुलाला कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश कबरींवरची अक्षरं बोटांनी वाचता येतील, आणि डोळस मुलं लक्षात ठेवणार नाहीत अशी एखादी अक्षराची खोदाई तो लक्षात ठेवेल. साखर कारखान्याच्या हंगामात पाच महिन्यांसाठी आलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाला, मधूनच शाळेत बसणं म्हणजे काय असतं, हे त्या निबंधांतल्या मुलांइतकंच नीट ठाऊक आहे. त्याला या तासात मागे बसवू नये.

शब्दांचा हा प्रश्न जगात इतरांनाही पडला. अमेरिकेने १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं; त्यांतले बहुतेक अमेरिकन नागरिक होते. सरकार त्याला ‘स्थलांतर’ म्हणत राहिलं. १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर मिळाले. ‘माफी’ हा शब्द त्या वेळी योग्य तोंडून आला. आणि आपण? १९६२ च्या चीन युद्धानंतर भारत सरकारने चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, आसाम-बंगालमधल्या घरांतून उचलून, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं. काहींना तिथे वर्षानुवर्षं काढावी लागली. त्यांत इथेच जन्मलेली मुलं होती. त्यांची माफी अजून कोणी मागितलेली नाही. वळिवड्याचा पाठ देवळीपर्यंत गेला नाही, तर तो सायबेरियातच अडकून पडतो आणि अन्याय ही नेहमी दुसऱ्यांनी करायची गोष्ट ठरते. वर्ग मोठा असेल, शिक्षकाची छाती असेल, तर गांधीहत्येच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारी १९४८ ला, कोल्हापुरात काय जळलं, कोणाची घरं जळली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ का जळला, हेही विचारता येईल. त्या वर्षी आपल्याच शहरातली माणसं रातोरात गाव सोडून गेली.

एवढं सगळं एका तासात होणार नाही. चार तास लागतील, आणि ते परीक्षेला येणार नाही. तरी ते द्यावेत.

घाई वेगळ्याच कारणाने आहे. १९४८ मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. छावणीत दूध घालणाऱ्या गवळ्याचं पोर असो, कराचीहून आलेलं सिंधी पोर असो. वळिवडे, चिंचवाड, उचगाव, गांधीनगर या गावांत अशी माणसं अजून असतील. त्यांचं बोलणं अजून पुरतं लिहून घेतलेलं नाही. पोलिश बाजूचे ग्रंथ झाले, आपल्या बाजूचा नाही. या चार गावांतल्या शाळांना माझी विनंती आहे : येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा. नाव, गाव, वय, तारीख आधी लिहून घ्या, मग ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत. आणि त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात नेऊन द्या.